मेळावा चैत्रातला, तयारी माघातली: वस्तीत रोपं-बियांचा मेळावा पहिल्यांदा भरवणाऱ्यांसाठी

माघ सरत आला की पुण्यात पहाटे एक वास येतो. सुक्या पानांच्या धुराचा. आमच्या पाच इमारतींच्या वसाहतीत एक पर्जन्यवृक्ष आहे, एक जुना पिंपळ आहे आणि कुंपणाला लागून देशी बदामाची दोन झाडं. फेब्रुवारीत यांची पानगळ सुरू झाली की रोज सकाळी कोपऱ्यावर ढीग पेटायचा. माझ्या वडिलांना दमा आहे. खिडक्या लावून घ्यायच्या आणि तक्रारी करायच्या, यात माझं एक वर्ष गेलं.

मग एकदा मी रस्ता झाडणाऱ्या मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, आठच्या आत रस्ता साफ दिसला पाहिजे म्हणतात. पानं न्यायला गाडी येत नाही. मी कुठं घालू?" प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर आमच्याकडेच होतं. पाच इमारतींच्या मागे मोकळी जागा पडून होती. आम्ही पानं तिथे टाकायला सांगितलं. पानांचं खत झालं, खत झालं म्हणून कुंड्या भरल्या, कुंड्या भरल्या म्हणून रोपं आणि बिया हव्या झाल्या. त्या एकमेकांकडून घ्यायच्या म्हणून चैत्रातल्या एका रविवारी सकाळी सगळे जमलो. त्याला आता सहा वर्षं झाली. आजूबाजूच्या वसाहतींतून "आम्हालाही करायचंय, कुठून सुरुवात करू?" असं विचारणं होतं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

आमच्या मेळाव्याला तीन कोपरे असतात: पानांच्या खताचा, रोपं-बियांच्या देवाणघेवाणीचा, आणि रंग-रांगोळीचा. काहीही विकलं जात नाही. बाहेरून शक्यतो काही विकत आणलं जात नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. एका वसाहतीत पहिल्याच वर्षी फलक छापले, पाहुणे बोलावले, वाटायला दोनशे रोपं विकत आणली. मे महिन्यात त्यातली बहुतेक रोपं जिन्याखाली वाळलेली मी स्वतः पाहिली. जे रोप शेजारच्या काकूंनी सहा आठवडे जपून दिलेलं असतं, त्याला घरी नेणारा माणूस विसरत नाही.

१. पाडव्याची तारीख बघा आणि तिथून मागे मोजा

मेळावा पाडव्यानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी ठेवा. दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा तोवर बहुधा आटोपलेल्या असतात, आणि चैत्रगौरीचे दिवस असल्यामुळे कैरीची डाळ, पन्हं, चैत्रांगण हे सगळं घरोघरी चाललेलंच असतं. खालच्या वर्गांच्या परीक्षा एप्रिलमध्ये असतात, पण रविवारी सकाळी दोन-अडीच तास मुलं येतात.

यात एक खाच आहे. पाडवा दरवर्षी पुढे-मागे होतो, पानगळ मात्र झाडांच्या वेळेवर होते. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला, आणि २०२७ मध्ये तो ७ एप्रिलला आहे. पाडवा लवकर असेल त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी कामाला लागा. साधारण असं मोजा: आठ आठवडे आधी पानं कुजवायचा जाळीचा पिंजरा उभा करायचा, सहा-सात आठवडे आधी रोपांसाठी फांद्या लावायच्या, पाच आठवडे आधी जागेचे अर्ज द्यायचे, दोन आठवडे आधी बियांची परीक्षा घ्यायची. रंगासाठी पळसाची फुलं वेचायची ती फाल्गुनात, पडतील तेव्हा.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. दहानंतर ऊन चढतं आणि टेबलावरची कोवळी रोपं माना टाकतात. संध्याकाळची वेळ आम्ही एकदा घेऊन पाहिली. डास आणि अंधार, दोन्हींमुळे बियांच्या पुड्यांवरची नावंसुद्धा वाचता येईनात.

२. माणसं आधी

जागा शोधायच्या आधी चार माणसांशी बोला, आणि ती समितीतलीच असायला हवीत असं नाही.

पहिले माळीकाका. कुठल्या झाडाची पानं कधी गळतात, नळाला पाणी कधी असतं, जमीन कुठे कठीण आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. दुसऱ्या झाडणाऱ्या मावशी. पानं वेगळी ठेवायची तर त्यांच्या कामाची पद्धत बदलणार, म्हणून त्यांना आधी विचारायचं, नंतर सांगायचं नाही. आमच्याकडे मावशींनीच सुचवलं की पानं पोत्यात भरताना प्लास्टिक वेगळं काढायला त्यांना वेळ नसतो, तेव्हा रविवारी रहिवाशांनी यावं. तो त्यांचा निर्णय अजून चालू आहे. तिसरी व्यक्ती म्हणजे गावाकडे येणं-जाणं असलेलं कुणीतरी ज्येष्ठ माणूस. बिया तिथून येतात. आणि चौथी, मुलांना गोळा करू शकणारी एखादी ताई किंवा दादा.

दहा जणांचा गट पुरतो. वीस झाले की निरोपांतच दिवस जातो.

३. जागा आणि कागद

वसाहतीच्या आवारात असेल तर समितीचं पत्र पुरतं, पण ते लेखी घ्या. तोंडी "करा की" म्हणणारे अध्यक्ष बदलतात. महापालिकेच्या उद्यानात भरवायचा असेल तर उद्यान विभागाकडे अर्ज लागतो आणि क्षेत्रीय कार्यालयालाही कळवावं लागतं. पाच आठवडे आधी अर्ज द्या. एका वर्षी आमचा अर्ज एका कार्यालयात तीन आठवडे पडून राहिला आणि आदल्या शुक्रवारी कळलं की त्याच दिवशी तिथे दुसरा कार्यक्रम आहे. आमच्याकडे पोच नव्हती, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. तेव्हापासून अर्जाच्या दोन प्रती नेते आणि एकीवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलत नाही.

बरोबर ठेवायचे कागद:

- अर्ज, दोन प्रतींत. त्यात तारीख, वेळ, अंदाजे किती माणसं, कोणकोणती कामं होणार आणि जबाबदार दोघांची नावं-नंबर
- वसाहतीच्या समितीचं पत्र किंवा ठरावाची प्रत
- अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत
- जागेचा हातानं काढलेला साधा नकाशा: टेबलं कुठे, पाणी कुठे, कचऱ्याचे डबे कुठे
- ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी

ध्वनिक्षेपक लावू नका, असं माझं म्हणणं आहे. परवानगीचा एक कागद वाचतो, रविवारी सकाळी शेजाऱ्यांची झोप वाचते, आणि मुख्य म्हणजे माणसं एकमेकांशी बोलतात. माईक आला की भाषण येतंच.

दोन नियम नीट लक्षात ठेवा. घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम आले तेव्हापासून, नेहमीच्या परवान्याच्या जागेबाहेर शंभरपेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा, अशी अपेक्षा आहे. उघड्यावर कचरा जाळायलाही त्याच नियमांत बंदी आली, म्हणजे पानं पेटवणं हे नुसतं वाईट नाही, बेकायदा आहे. दुसरं, थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत. पन्ह्यासाठी प्रत्येकानं आपला पेला घरून आणायचा. निमंत्रणात हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि तरी विसरणाऱ्यांसाठी स्टीलचे पंचवीस-तीस पेले गोळा करून ठेवा.

आमच्या भागात कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात. मेळाव्याच्या आठवड्यात त्यांना आधी सांगा. सोमवारी अचानक जास्तीचा कचरा त्यांच्या गाडीवर लादू नका.

४. पानांचा पिंजरा

मेळाव्याचा खरा कणा हाच आहे, म्हणून सावकाश लिहिते.

लागतं काय: दहा फूट लांब आणि चार फूट उंच लोखंडी जाळी (पुण्याच्या बोहरी आळीच्या बाजारात फुटावर मिळते), बांधायला तार, तागाची पोती, झारी, शेण किंवा आंबट ताक, एक फावडं. जाळी गोल करून टोकं तारेनं बांधली की साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. तो थेट मातीवर उभा करा, फरशीवर नको. खालून गांडुळं आणि किडे वर यायला हवेत, आणि जादा पाणी जमिनीत मुरायला हवं.

तळाला वीतभर काड्या-काटक्या पसरा, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर फूटभर पानं, त्यावर बादलीभर पाण्यात कालवलेलं शेण शिंपडायचं. शेण नसेल तर चार दिवसांचं आंबट ताक आणि मूठभर गूळ पाण्यात मिसळून. पुन्हा पानं, पुन्हा शिंपण. प्रत्येक थर पायानं हलका दाबा, तुडवून घट्ट करू नका. वर गोणपाट टाका.

पाणी किती, हा प्रश्न सगळे विचारतात. आतली मूठभर पानं काढून पिळा. बोटांना ओल लागली पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर पाणी जास्त झालं, कोरडी पानं मिसळा. कुरकुरली तर अजून झारीभर घाला. मार्चमध्ये आठवड्यातून दोनदा पाणी लागतंच.

पहिल्या वर्षी आमचा पिंजरा दहा दिवसांनी उघडला, तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते, हवेत गारठा होता. माळीकाकांनी वरची पानं बाजूला केली आणि आतून वाफ आली. त्यांनी माझा हात धरून आत घातला. कोपरापर्यंत ऊब. वर सुकी, करडी पानं आणि आत तापलेलं काहीतरी चाललेलं. मेळाव्याच्या दिवशी मुलांना हेच दाखवतो: प्रत्येकानं हात घालून बघायचा. त्यासाठी नवा थर आठ-दहा दिवस आधी चढवा, म्हणजे त्या दिवशी ऊब सापडते.

पानांमध्ये फरक असतो. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. पिंपळाची मध्यम. वड, आंबा, फणस आणि बदाम यांची जाड, चामट पानं खूप वेळ घेतात. ती आधी फावड्यानं किंवा पायाखाली मोडून घ्या आणि बारीक पानांत मिसळा. नुसत्या बदामाच्या पानांचा पिंजरा वर्षभर तसाच राहिलेला मी पाहिला आहे. सगळं ठीक चाललं तर चार ते सहा महिन्यांत खत होतं, आणि काठोकाठ भरलेला पिंजरा गुडघ्याच्याही खाली येतो. तेव्हा जागा कमी पडेल म्हणून घाबरू नका.

चुका कुठे होतात? पोत्यात पानांबरोबर गुटख्याच्या पुड्या, काचा, पूजेची चमकी येते. हातमोजे घालून निवडा. पिंजरा विजेच्या मीटरजवळ किंवा गाड्या लावतात तिथे ठेवू नका, एक विडीचं थोटूक पुरतं. आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यात पहिल्या वर्षी घालू नका. वास आला, माश्या झाल्या की वसाहतीत एकच तक्रार होते आणि सगळा उपक्रम बंद पडतो. आधी सुक्या पानांवर हात बसू द्या.

५. बिया

ज्यांनी बिया कधी साठवल्या नाहीत त्यांना हे काम अवघड वाटतं. तसं नाही. हिवाळ्यात लावलेली मेथी, कोथिंबीर, पालक, वाल, पावटा, झेंडू, टोमॅटो यांची एक-दोन झाडं न तोडता जून होऊ द्यायची, एवढंच. वाल-पावट्याच्या शेंगा झाडावरच वाळवा. टोमॅटोचा गर वाटीत थोड्या पाण्यात दोन दिवस ठेवा, वर फेस आला की धुवा आणि ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटतात.

बी दाताखाली कटकन फुटलं तर वाळलं. दबलं तर अजून ओल आहे. ओली बी पुडीत बांधली की बुरशी येते आणि शेजारच्या पुड्याही जातात.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षी भोरकडच्या एक आजी आल्या, लेकाकडे राहायला आलेल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी जुन्या लुगड्याची एक चिंधी काढली, गाठ सोडली. आत चुलीच्या राखेत घोळवलेले वाल होते, काळ्या डोळ्याचे. म्हणाल्या, "माझ्या सासूच्या वेळपासून हेच लावतो." राखेमुळे कीड लागत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही ते वाल चार-चार करून वाटले. आज ते वाल आमच्या वसाहतीत आठ गॅलऱ्यांत चढलेले आहेत. अशा वाणांचं मोल काय असतं, हे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी सगळ्या देशाला दाखवलं. गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शहरातल्या गॅलरीत आपण तेवढं करू शकत नाही, पण एक वाण मरू न देणं एका कुंडीतही जमतं.

मेळाव्यासाठी बियांची तयारी:

दोन आठवडे आधी परीक्षा घ्या. दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, रोज थोडं पाणी शिंपडा. आठवड्यानं सात-आठ रुजल्या तर उत्तम. पाचपेक्षा कमी असतील तर पुडीवर तसं लिहा, म्हणजे घेणारा दुप्पट पेरेल. धण्यांना वेळ लागतो, त्यांना आणखी पाच-सात दिवस द्या.

पुड्या जुन्या वर्तमानपत्राच्या करा. मुलं एका दुपारी दोनशे करतात. प्रत्येक पुडीवर चार गोष्टी पेन्सिलीनं लिहा: नाव, कोणत्या महिन्यात काढलं, कुणाकडून, कधी पेरायचं. पेन्सिलीनंच, कारण ओल्या हातांनी शाई पसरते.

भेंडी, गवार, चवळी या उन्हाळ्यात चालणाऱ्या बिया लगेच पेरा, पण कुंडीला दुपारी सावली द्या. दोडका, कारलं, दुधी, वाल पावसापर्यंत थांबवा. नवीन माणूस उत्साहात सगळंच एप्रिलमध्ये पेरतो आणि मेच्या उन्हात सगळं जातं, मग त्याला वाटतं आपल्या हाताला गुण नाही.

काय घ्यायचं नाही, तेही ठरवा. दुकानातल्या पाकिटातलं गुलाबी-निळ्या रंगाचं बी औषध लावलेलं असतं. मुलं हाताळणार त्या टेबलावर ते नको. संकरित भाजीच्या फळातून काढलेलं बी पुढच्या पिढीत तसंच येत नाही, म्हणून तशी पुडी असेल तर स्पष्ट लिहा. गुंजेच्या लाल-काळ्या बिया सुंदर दिसतात, पण विषारी असतात. धोत्रा, एरंडही नको.

६. रोपं

फेब्रुवारीत लावलेल्या फांद्या पाडव्यापर्यंत मुळं धरतात. जास्वंद, अडुळसा, गुळवेल, मोगरा, अबोली, पुदिना, कोरफडीची पिल्लं, कढीपत्त्याच्या मुळाशी येणारे फुटवे: यांतलं काही ना काही प्रत्येक घरी असतं. जास्वंदाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी घ्या, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली तिरकी कापा, खालची पानं काढा, वर दोनच ठेवा. दोन डोळे मातीत, बाकी वर. सावलीत ठेवा आणि ओढून बघू नका. रोज उपटून मुळं आली का बघणारे लोक असतात, त्यांची फांदी कधीच जगत नाही.

कुंड्या विकत आणायच्या नाहीत. दुधाच्या पिशव्या धुवून, तळाला चार भोकं पाडून वापरा. करवंट्या पुदिन्याला आणि कोरफडीला छान.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या वर्षी एका घरून आलेल्या जास्वंदीच्या पानांखाली कापसासारखा पांढरा ठिपका होता. कुणी उलटून पाहिलं नाही. तो पिठ्या ढेकूण होता. जूनपर्यंत आमच्या दोन इमारतींतल्या बहुतेक जास्वंदी त्यानं खाल्ल्या, माझी आठ वर्षांची लाल जास्वंदसुद्धा. तेव्हापासून प्रवेशावरच एक टेबल असतं, मुलं त्याला 'दवाखाना' म्हणतात. भिंग घेऊन दोन जण बसतात. प्रत्येक रोपाचं पान उलटून, खोडाचे सांधे बघून मगच आत सोडायचं. कीड दिसली तर रोप परत पाठवायचं नाही, माणूस हिरमुसतो. बाजूला ठेवायचं, लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून फवारायचं, आठवड्यानं पुन्हा, आणि बरं झाल्यावर मालकाला द्यायचं.

देवाणघेवाणीला चिठ्ठी ठेवा. एक रोप किंवा पाच पुड्या आणल्या की एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक रोप न्यायचं. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना पिंजऱ्यात एक पोतं पानं भरली की चिठ्ठी. आमच्याकडे सुरक्षारक्षकांची मुलं याच चिठ्ठीवर दरवर्षी मोगरा नेतात, आणि पानांच्या कामात त्यांच्याइतकं झटणारं कुणी नसतं. घाणेरी आणि जलपर्णी टेबलावर घेऊ नका, कितीही शोभिवंत दिसली तरी.

७. रंग आणि चैत्रांगण

पळसाची फुलं तोडायची नाहीत, खाली पडलेली वेचायची. झाडावरची फुलं मैना, बुलबुल आणि शिंजिरांची आहेत. शिवाय पुण्याच्या बऱ्याच टेकड्या वनविभागाच्या ताब्यात आहेत. फुलं सावलीत वाळवून कापडी पिशवीत टांगून ठेवा. आदल्या रात्री दोन मुठी फुलं लिटरभर पाण्यात भिजत घाला, सकाळी वीस मिनिटं उकळा, गाळा. केशरी-पिवळा रंग येतो. त्यात चिमूटभर खायचा सोडा पडला की तो जास्त गडद, नारिंगीकडे झुकतो. मुलांना हा बदल डोळ्यांसमोर होताना दाखवा.

कापड जुनं, सुती घ्या. धोतर, जुनी साडी, गादीची खोळ. टेरिकॉटवर रंग बसत नाही. एका वर्षी निम्मी मुलं याच कारणानं रडवेली झाली. खळ धुऊन काढा. शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून तासभर भिजवा, मग रंगवा. हळदही चालते, आणि हळदीच्या कापडावर ओल्या चुन्याचं बोट ओढलं की लाल रेघ उमटते. पूर्वी कुंकू असंच, हळदीपासून करत, हे सांगितलं की आज्या गोष्टी सांगायला लागतात. हळदीचा रंग उन्हात उडतो, तो सावलीतच वाळवा. सागाचं कोवळं पान मिळालं तर तळहातावर चोळून दाखवा, हात लाल होतो.

चैत्रांगणासाठी सहा फूट बाय सहा फूट जमीन आदल्या संध्याकाळी सारवा किंवा गेरूनं रंगवा. रंग आणि गेरू ओले असताना वर कुणी चालू नये म्हणून दोरी बांधा. चैत्रांगणात ५१ शुभचिन्हं काढायची रीत सांगतात: मखरातली गौर, झोपाळा, कासव, नाग, गोपद्मं, शंख, चक्र, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र, हत्ती. सगळी एका माणसाला आता क्वचितच येतात. आमच्याकडे एका आजींना तीस यायची, दुसऱ्यांना त्यांना न येणारी बारा. प्रत्येक मुलाला एक चिन्ह द्या आणि एका आजींजवळ बसवा. रांगोळी म्हणून तांदळाची पिठी घ्या. दुपारपर्यंत मुंग्या आणि चिमण्या येतात, बागेत काही उरत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. याला 'हळदीकुंकू' म्हणून निमंत्रण देऊ नका. ज्यांना पूर्वापार त्यातून बाजूला ठेवलं गेलं, त्याच बायकांकडे सगळ्यात जास्त बिया आणि सगळ्यात जास्त रांगोळ्या असतात. आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, ओंजळीत भिजवलेले हरभरे आणि बियांची एक पुडी देतो. पहिल्या वर्षी एका काकूंनी ओंजळ पुढे करायला वेळ लावला. आता त्याच काकू चैत्रांगणाची सुरुवात करतात.

८. त्या दिवशी

सहाला गट हजर. टेबलं सावलीत लावा आणि नऊची सावली कुठे जाईल ते आदल्या रविवारी बघून ठेवा. हातपाय धुवायला पाण्याचं एक पिंप, प्यायला दुसरं, दोन्हींवर मोठी चिठ्ठी. कचऱ्याला तीन डबे: ओला, सुका, आणि पिंजऱ्यात जाणारा. प्रत्येक डब्याजवळ पहिला तासभर एक मूल उभं करा, पुढे लोक आपोआप नीट टाकतात. डाळ आणि पन्हं घराघरातून येऊ द्या, विकायला ठेवू नका. विक्री आली की परवान्यांचा प्रश्न येतो. प्रथमोपचाराची पेटी विसरू नका, मुंग्या चावतातच.

दारावर एक वही ठेवा. कोण आलं, काय आणलं, काय नेलं.

९. वही जपून ठेवा

मेच्या शेवटी पिंजरा उकरा. तळाशी काळं, मोकळं, पावसाच्या पहिल्या सरीसारखं वास येणारं खत असेल. वरचं अर्धवट कुजलेलं पुन्हा नव्या पिंजऱ्याच्या तळाला घाला. चाळून, पाटीनं मोजून, वहीतल्या नावांप्रमाणे वाटा. झाडणाऱ्या मावशींची पाटी पहिली.

मृग लागला की वही घेऊन एक फेरी मारा आणि ज्यांनी दोडका, दुधी, वाल नेले त्यांना आठवण करा: आता पेरा. आमच्या वहीत प्रत्येक नावापुढे एक रिकामा रकाना आहे, 'परत' असं लिहिलेला. बी नेलेल्यानं पीक आल्यावर पुढच्या चैत्रात मूठभर बी परत आणायचं, मग तिथे बरोबरची खूण करायची. भोरच्या आजी आता नाहीत. त्यांच्या वालांपुढे या वर्षी अकरा खुणा आहेत.